ब्रेक टाकले, पण बसवले का?

मंडळी, आज जरा भांडायचं आहे. गेले दोन महिने पाऊस, फुलझाडं आणि जुने विद्यार्थी यांवर लिहून झालं, वाचणाऱ्यांचं 'छान', 'सुरेख' म्हणून झालं. आजचा विषय छानही नाही आणि सुरेखही नाही. मोटरसायकलच्या डिस्क ब्रेकचे पॅड! हळुवार काही वाचायला आलेल्यांनी इथूनच परतलं तरी माझा राग नाही. पण घरात कुणी दुचाकी चालवत असेल तर थांबा. आणि आपल्याकडे दुचाकी नसलेलं घर आता शोधावंच लागतं.

भांडण एका वाक्याशी आहे. गॅरेजात पॅड बदलून झाले की पोरगा फडक्याला हात पुसत म्हणतो, "नवीन ब्रेक टाकलेत, आता बिनधास्त जा."

हे वाक्य नुसतं अर्धवट नाही, ते उलटं आहे. पॅड बदलून गाडी गॅरेजबाहेर पडते तेव्हाच तिचा ब्रेक सगळ्यांत कच्चा असतो. बिनधास्त जायची वेळ अजून दोनशे-तीनशे किलोमीटर पुढे असते. 'नव्याचे नऊ दिवस' ही म्हण आपण कौतुक आणि टोमणा या दोन्हींसाठी वापरतो. ब्रेकच्या बाबतीत ते नऊ दिवस सांभाळून राहायचे असतात. हे गॅरेजवाल्याला ठाऊक असतं. गाडी बनवणाऱ्या कंपनीला ठाऊक असतं. ज्याचा जीव त्या ब्रेकवर आहे त्याला तेवढं कुणी सांगत नाही. माझी तक्रार एवढीच आहे.

आता 'कच्चा' म्हणजे काय ते सांगतो. मी बी.ए. मराठी, इंजिनिअर नव्हे. पण जे समजून घेतलंय ते पोरांना शिकवण्याइतकं नीट समजून घेतलंय.

डिस्क म्हणजे चाकाबरोबर फिरणारी पोलादी थाळी. लिव्हर दाबला की कॅलिपरमधले पिस्टन दोन्ही बाजूंनी पॅड त्या थाळीवर दाबतात. नव्या पॅडचा चेहरा सपाट असतो. जुन्या डिस्कवर मात्र हजारो किलोमीटरच्या रेघा आणि उंचवटे असतात. त्यामुळे सुरुवातीला पॅड सगळा टेकतच नाही, फक्त उंचवट्यांवर टेकतो. ज्यांच्या घरी जातं होतं त्यांना हे पटकन कळेल. जात्याला टाकी लावून घेतली की पहिलं दळण कसं यायचं? कचकचीत. आई पहिल्यांदा मूठ-दोन मूठ हलकंसलकं धान्य भरडून ते टाकून द्यायची, आणि मग भाकरीचं दळण घालायची. वरची तळी आणि खालची तळी एकमेकींना ओळखू लागेपर्यंत थांबावं लागायचं. पॅड आणि डिस्कचं नातं तेच आहे.

दुसरी गोष्ट डोळ्यांना दिसत नाही. ब्रेक बसत जातो तसा पॅडच्या द्रव्याचा एक अगदी पातळ थर डिस्कवर सारखा पसरतो. पुढे चांगली पकड मिळते ती या थरावर पॅड घासल्यामुळे. नव्या किंवा घासून साफ केलेल्या डिस्कवर हा थर नसतोच. बिडाचा तवा पहिल्या दिवशी घावन सोडत नाही, तो आधी तयार करावा लागतो, तसंच हे.

तिसरी गोष्ट सगळ्यांत वाईट. पॅडमधलं द्रव्य एका राळेसारख्या पदार्थानं बांधलेलं असतं. धातूची भुकटी दाबून-भाजून केलेले पॅड वेगळे, पण रोजच्या वापरातल्या बऱ्याच पॅडमध्ये ही राळ असते. ती पहिल्यांदाच एकदम खूप तापली तर तिच्यातून वायू सुटतो आणि पॅड-डिस्कच्या मध्ये त्याचा पापुद्रा तयार होतो. मग काय होतं? लिव्हर हाताला अगदी घट्ट लागतो, पण गाडी थांबत नाही. ब्रेक ऑईल उकळलं तर लिव्हर मऊ पडतो, आत आत जातो, काहीतरी बिघडल्याचं हाताला कळतं. इथे तसं काहीच कळत नाही. आणि त्यावर आणखी तापला तर पॅडचा चेहरा काचेसारखा गुळगुळीत होतो आणि गाडी थंड झाल्यावरही तसाच राहतो.

हे सगळं मला इतकं पाठ का, असं विचाराल. माझ्या पुतण्यामुळे. त्याच्या परवानगीनेच लिहितोय.

शनिवारी संध्याकाळी त्यानं साताऱ्यात एका सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी दिली. सर्व्हिसिंग झालं, पुढचे पॅड नवे टाकले, बिल झालं, 'बिनधास्त जा' झालं. रविवारी पहाटे तो आणि सूनबाई दापोलीला निघाले. मेढ्यावरून महाबळेश्वर, तिथून आंबेनळी घाटानं पोलादपूर. ज्यांनी तो घाट उतरलाय त्यांना वेगळं सांगायला नको. एका वळणातून सुटलं की दुसरं. पुतण्या काही उडाणटप्पू नाही, खालच्या गिअरमध्ये, बेतानंच उतरत होता. पण मागे बायको, दोन्ही बाजूंना बॅगा, आणि सकाळपासून तेच पॅड पहिल्यांदा तापत होते. पोलादपूर सात-आठ किलोमीटरवर असताना वळणातून एसटी वर आली. त्यानं ब्रेक दाबला. त्याचेच शब्द: "काका, लिव्हर कडक लागत होता, पण गाडी ऐकतच नव्हती." एसटीवर जाण्यापेक्षा त्यानं गाडी डोंगराच्या बाजूच्या चरात घातली. मनगट मोडलं. सूनबाईंचा गुडघा सोलून निघाला. दोघांच्या डोक्यावर हेल्मेट होतं. दरी दुसऱ्या बाजूला होती. यापुढे मी विचार करत नाही.

पोलादपूरच्या मेकॅनिकनं पॅड काढून हातावर ठेवले तेव्हा ते आरशासारखे चमकत होते. शंभर-सव्वाशे किलोमीटरसुद्धा झाले नव्हते.

मी आकडेमोड केली, सवयच ती. गाडी, दोन माणसं, सामान मिळून पावणेतीनशे किलो धरा. महाबळेश्वरपासून पोलादपूरपर्यंत उतार सुमारे तेराशे मीटरचा. एवढं वजन एवढं खाली येताना जी ऊर्जा कुठेतरी जिरवावी लागते, ती ताशी ५० किलोमीटरवरची तीच गाडी सव्वाशेहून जास्त वेळा थांबवण्याइतकी होते. त्यातला काही भाग इंजिन खातं, काही वारा खातो. उरलेलं सगळं तापून तापून पॅड आणि डिस्कच्या माथी. गिअर नसलेल्या स्कूटरला तर इंजिनाचा आधारही फार थोडा. आणि हे काम आपण ज्यांना दिलं ते पॅड आदल्या संध्याकाळी खोक्यातून बाहेर आलेले!

मग मी त्या सर्व्हिस सेंटरमध्ये गेलो. आवाज चढवायला नव्हे, विचारायला. काउंटरवरचा मुलगा सभ्य होता. म्हणाला, "काका, नवीन पॅड आहेत, सेट व्हायला थोडा वेळ लागतोच."

लागतोच!

या 'च'वर मी पस्तीस वर्षं व्याकरण शिकवलं. हा 'च' म्हणजे, सगळ्यांना माहीत असलेली, वाद नसलेली गोष्ट. मग बाबा रे, तुला शनिवारी संध्याकाळी माहीतच होतं, तर ते तुझ्या तोंडून बाहेर का नाही पडलं? गाडी चकाचक पुसलीस, सीटला पॉलिश मारलंस, 'पाच तारे द्या' म्हणून फोनवर निरोप पाठवलास. "आठवडाभर घाट टाळा, जोरात ब्रेक मारायची वेळ येऊ देऊ नका" हे एक वाक्य बिलात बसत नाही? पॅडचे पैसे लावले, बदलण्याची मजुरी लावली. पॅड बसवणं हे बदलण्याच्या कामातच येतं की ते गिऱ्हाइकानं आपल्या हाडांवर करून घ्यायचं?

त्यानं वर हेही सुचवलं की गाडीच्या पुस्तकात सगळं दिलेलं असतं. असतं, खरं आहे. घरी येऊन मी पुस्तक काढलं. नव्या पॅडनंतर सुरुवातीला ब्रेक जपून वापरा, अशा अर्थाची ओळ त्यात आहे. इंग्रजीत. बारीक टायपात. सव्वाशे-दीडशे पानांच्या मध्ये कुठेतरी. गाडी विकताना जाहिरात मराठीत, कर्जाचा फलक मराठीत, आणि जीव वाचवणारी ओळ तेवढी इंग्रजीत!

ज्यांना हे सगळं मास्तरचं भय वाटतंय त्यांच्यासाठी एक त्रैराशिकाहून सोपं गणित. ताशी ५० म्हणजे सेकंदाला जवळजवळ १४ मीटर. नीट बसलेला ब्रेक कोरड्या रस्त्यावर दर सेकंदाला हा वेग ७ मीटरनं उतरवतो असं धरू, आणि न बसलेला ४ मीटरनं. (आकडे समजण्यापुरते धरलेत, गाडी, रस्ता, टायर यांप्रमाणे बदलतील.) पहिली गाडी सुमारे १४ मीटरमध्ये उभी राहील. दुसरीला २४ लागतील. फरक दहा मीटर, म्हणजे जवळजवळ एक एसटी. पण खरी गोम पुढेच आहे. पहिली गाडी जिथे शांतपणे उभी राहिली, त्या ठिकाणी दुसरीचा वेग अजून ताशी ३३ किलोमीटर असतो. पुढे शाळेतून सुटलेलं पोर असेल तर त्याला बसणारा धक्का या ३३ चा.

आता हरकती. या विषयावर घरात आणि कट्ट्यावर जेवढं बोललो, तेवढ्या ऐकून झाल्यात.

पहिली हरकत: "पॅड आपोआप बसतात, आम्ही कधी काही केलं नाही." बसतात, मान्य. सपाट गावात, एकट्यानं, ताशी तीस-चाळीसनं हिंडणाऱ्याचे पॅड हळूहळू बसतात. पण आपोआप बसणं म्हणजे नशिबावर बसणं. मधल्या दिवसांत कुत्रं आडवं आलं तर? आणि ते नीटच बसतील याची हमी कोण देणार? एकदम तापले तर चेहरा काचेचा. तापलेल्या डिस्कवर लिव्हर दाबून सिग्नलला उभे राहिलात तर थर एकाच जागी चिकटतो, आणि पुढे ब्रेक दाबला की लिव्हर हाताखाली थडथडतो. मग लोक म्हणतात डिस्क वाकली. पुष्कळदा ती वाकलेली नसते, तिच्यावर डाग पडलेला असतो.

दुसरी माझ्या वयाच्या लोकांची: "आमच्या चेतकला कुठे होती ही थेरं?" होती हो! ड्रम ब्रेकचे नवे लायनरही बसवावेच लागतात. आमच्या पेठेतला जुना मेकॅनिक लायनरवर पॉलिश पेपर मारायचा, कडा थोड्या उतरवायचा, आणि स्कूटर आमच्या हातात द्यायच्या आधी स्वतः पोवई नाक्यापर्यंत दोन चकरा मारून यायचा. तेव्हा आम्हाला वाटायचं की लेकाचा फुकट फिरून घेतोय. तो आमचे ब्रेक बसवत होता. १९९९ साली हीरो होंडाची सीबीझेड आली, तिच्या पुढच्या चाकाला डिस्क होती. नंतरच्या वीस-पंचवीस वर्षांत डिस्क घरोघरी पोचली, गाड्यांचे वेग वाढले, आणि त्या दोन चकरा तेवढ्या बंद पडल्या.

तिसरी तरुणांची: "काका, गाडीला एबीएस आहे." छान आहे. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीच्या वरच्या सगळ्या नव्या दुचाक्यांना ते सक्तीचं झालं, आणि १२५ व त्याखालच्यांना निदान दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची सोय. उत्तम कायदा. पण एबीएस काय करतं? ब्रेक जास्त लागून चाक जाम होऊ लागलं की ते सोडवतं. इथे दुखणं ब्रेक कमी लागण्याचं आहे. पॅड पकडतच नसेल तर एबीएसनं काय सोडवायचं?

आणि एक उलट्या टोकाचा वर्ग आहे. ही मुलं व्हिडिओ बघून येतात आणि बायपासवर शंभरच्या वेगानं वीस वेळा करकचून ब्रेक मारतात. त्यांचंही माझ्याशी पटणार नाही. एकतर मागून येणाऱ्या ट्रकवाल्यानं तो व्हिडिओ पाहिलेला नसतो. दुसरं म्हणजे अशानं पॅड बसत नाही, जळतो.

मग करायचं काय? माझा एक जुना विद्यार्थी गेली पंचवीस वर्षं गॅरेज चालवतो. नववीत त्यानं माझा निबंध कधी पूर्ण केला नाही, पण हे काम तो शेवटपर्यंत करतो. शेजारी स्टूल टाकून बघितलेलं सांगतो.

जुने पॅड काढल्यावर आधी तो डिस्कची जाडी मोजतो. किमान किती हवी ते डिस्कवरच कोरलेलं असतं. त्याखाली गेली असेल तर नवे पॅड टाकून उपयोग नाही. मग डिस्क ब्रेक क्लीनरनं पुसतो. पॅडच्या चेहऱ्याला ग्रीसचं बोट लागू देत नाही, आणि गंज सोडवायचे फवारे कॅलिपरच्या आसपास कुणाला मारू देत नाही. एकदा तेल प्यायलेला पॅड टाकूनच द्यावा, असं त्याचं म्हणणं. जाड नवे पॅड बसावेत म्हणून पिस्टन मागे ढकलावे लागतात. तेव्हा ब्रेक ऑईल टाकीत वर चढतं, ते सांडू नये म्हणून लक्ष ठेवतो, कारण ते रंग खातं. यानंतरची गोष्ट कृपा करून घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा. पिस्टन मागे गेलेले असल्यामुळे पहिल्यांदा लिव्हर दाबला की तो थेट मुठीला टेकतो. ब्रेक लागतच नाही! गाडी जागची हलवण्याआधी लिव्हर पुन्हा पुन्हा दाबून तो घट्ट करून घ्यावा लागतो. गॅरेजच्या दारातल्या उतारावरच लोक पडलेत ते यामुळे.

मग तो हेल्मेट घालून स्वतः निघतो. रस्ता कोरडा, रिकामा, सपाट. वेळ शक्यतो सकाळची. ताशी ५० पर्यंत नेतो, ठाम पण न करकचता ब्रेक लावून १०-१५ पर्यंत आणतो, पूर्ण थांबवत नाही. लिव्हर सोडतो आणि अर्धा-पाऊण किलोमीटर नुसता जातो, म्हणजे डिस्कला वारा लागतो. पुन्हा तेच. असं आठ-दहा वेळा, दर वेळी आधी आरशात बघून. मागे नवे पॅड असतील तर त्यांचंही वेगळं, हलक्या पायानं. शेवटी दोन-तीन वेळा थोडा जास्त जोर. लिव्हरचा फरक हाताला कळतो, आधी लाकडासारखा लागणारा ब्रेक पकडू लागतो. परत येताना ब्रेक कमीत कमी वापरतो, आणि गाडी तापलेली असताना तिच्यावर पाणी मारू देत नाही.

एवढं करूनही गिऱ्हाइकाला म्हणतो, "दोन-तीनशे किलोमीटर घाट नको, डबलसीट शक्यतो नको, पुढच्या गाडीपासून अंतर ठेवा." पॅडच्या जातीप्रमाणे कंपन्यांच्या सूचनांत आकडे थोडे इकडेतिकडे असतात, खोक्यावर वेगळं लिहिलं असेल तर ते पाळावं, असंही सांगतो.

या चकरेचे तो शंभर रुपये घेतो. वीस-पंचवीस मिनिटं, पेट्रोल, आणि एका अनुभवी माणसाचा जीव रस्त्यावर. आणि मी त्या स्टुलावर बसून डोळ्यांनी बघितलंय, बाराशेचं मोबाइलचं कव्हर मिरवणारा माणूस या शंभर रुपयांवरून हुज्जत घालतो. "फिरून यायचे पैसे?" म्हणतो. तेव्हा दोष एकट्या गॅरेजवाल्यांच्या माथ्यावर मारून मी मोकळा होणार नाही. काम दिसलं पाहिजे, बिलात सुटा भाग दिसला पाहिजे, तरच पैसे द्यायचे हा आपलाच खाक्या. न दिसणाऱ्या कामाला आपण मोल देत नाही, मग ते काम कोण कशाला करील?

पण सर्व्हिस सेंटरला शंभर रुपये नको असतील, माणूस मोकळा नसेल, तरी तोंड तर आहे! म्हणून मी एक मजकूर तयार केलाय, बिलावर शिक्का मारण्यापुरता:

"आपल्या गाडीचे ब्रेक पॅड आज बदलले आहेत. निघण्यापूर्वी लिव्हर घट्ट लागेपर्यंत दाबून पाहा. पहिले ३०० किलोमीटर ब्रेक पूर्ण ताकदीने लागणार नाही. घाट, जादा वजन आणि वेग टाळा."

चार वाक्यं आहेत. माझ्या विद्यार्थ्यानं हा शिक्का करून घेतला, मागच्या आठवड्यापासून मारतो. त्या सर्व्हिस सेंटरला हाच मजकूर पत्रानं पाठवलाय, पोच मिळाली आहे, उत्तर नाही. साताऱ्यातल्या आणखी नऊ गॅरेजांत मी स्वतः कागद देऊन आलो. चौघांनी भिंतीला लावला, एकानं "मास्तर, गिऱ्हाईक घाबरेल" म्हणून परत केला. त्याच्याकडे पुढच्या सोमवारी पुन्हा जाणार आहे. मजकूर कुणाला हवा असेल तर इथून खुशाल उचला, माझं नाव नको.

आणि घरच्यांसाठी. नाशिकच्या जावईबापूंनी बुधवारी पॅड बदलल्याचं धाकटीनं फोनवर सांगितलं. त्यांनी या रविवारी डबलसीट सप्तशृंगी गडावर जायचा बेत केलाय असंही कळलं. नांदुरीचा घाट पुढच्या रविवारीही तिथेच असेल. तोवर गावातल्या गावात, एकट्यानं, वर सांगितलं तसं. आणि शनिवारी रात्री मला फोन करून किती किलोमीटर झाले ते सांगावं, मी जागा आहे.